आत चिप कुठली?

परवा आमच्या सोसायटीच्या नव्या चेअरमनने अभ्यासिकेच्या खणातून एक जुना डाँगल काढला, नव्या कॉम्प्युटरला खोचला, निळा दिवा लागला आणि नेट सुरू झालं. माझ्याकडे वळून तो म्हणतो, "बघा मावशी, प्लग अँड प्ले. एवढं सोप्पं असतं. लोक उगाच बाऊ करतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. प्लग अँड प्ले म्हणे! अरे शहाण्या, तुझ्या त्या प्लग आणि प्लेच्या मध्ये आमचे खानविलकर उभे आहेत. तुला दिसत नाहीत एवढंच. पण त्याला काय बोलणार? तो इथे राहायला आला तेव्हा खानविलकर गावी गेलेले होते. मी नुसती "हो का, छान" म्हणाले आणि घरी येऊन कुकरवर राग काढला.

खानविलकर आमच्या चौथ्या मजल्यावरचे. परळच्या दोन खोल्या विकून भाईंदरच्या नवघरला आले ते आमच्याच आगेमागे. लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिस सुपरवायझर म्हणून जन्म काढलेला. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि त्याला रबरबँडने बांधलेला एक पेनड्राइव्ह. लग्नाला जातानासुद्धा तो टेस्टर खिशात. खानविलकर वहिनी म्हणायच्या, "नवरदेवाला शॉक लागतो का ते बघायचं असेल ह्यांना."

लिफ्टमध्ये शिरले की हा माणूस डोळे मिटायचा. आम्हाला वाटायचं, चक्कर येते की काय. एकदा विचारलं, तर म्हणाले, "ऐकतोय." माझा मजला आला की डोळे उघडून सांगायचे, "सेक्रेटरीबाई, गाइड शू रुळावर घासतोय, तेल सांगा." मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे माझं नाव काय आहे हे त्यांनी कधी लक्षातच ठेवलं नाही. आमच्या फ्रिजलाही ते कान लावायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मशीन बिघडलं की बोलतं. बरं असलं की गप्प बसतं." आणि त्यावर माझ्याकडे बघून हसायचे. टोमणा मला कळायचा, पण उत्तर द्यायच्या आत लिफ्टचं दार लागलेलं असायचं.

रिटायर झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरची एक पडीक खोली मागून घेतली आणि तिथे अभ्यासिका काढली. आमच्याकडची निम्मी घरं वन रूम किचन. एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाला कुकर, मध्ये पोराने बारावीचा अभ्यास करायचा. अंधेरीतल्या कुठल्याशा ऑफिसाने मोडीत काढलेले कॉम्प्युटर त्यांनी टेम्पोत घालून आणले. त्यांच्यावर चालेल असं नवं विंडोज नव्हतं, म्हणून लिनक्स टाकलं. ते फुकट असतं म्हणून, असं आम्ही समजायचो. त्यावर ते चिडायचे. "फुकट म्हणून नाही हो! उघडं आहे म्हणून. आत काय आहे ते वाचता येतं."

ह्यामागे त्यांची लिफ्टची नोकरी होती. लिफ्टच्या मशीन रूममध्ये पॅनेलच्या दाराला आतून एक नकाशा चिकटवलेला असतो. कुठली तार कुठे जाते, सगळं. मेकॅनिक कुठलाही असो, दार उघडायचं, नकाशा बघायचा, कामाला लागायचं. "वस्तू विकलीस ना मला? मग तिचा नकाशा दे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. सगळ्या जगाची विभागणी त्यांनी दोनच गटांत केली होती, नकाशा देणारे आणि नकाशा न देणारे. पहिल्या गटातल्या कंपन्यांना ते आपणहून आभाराचे ईमेल पाठवायचे. "तुमचं वायफायचं कार्ड लिनक्सवर उत्तम चालतं, आपण माहिती खुली ठेवलीत, आभारी आहे. व्ही. के. खानविलकर, भाईंदर पूर्व." तिकडे कोण वाचत असेल कुणास ठाऊक.

दसऱ्याला ते अभ्यासिकेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूचं फूल वाहायचे. हळदकुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. पण कॉम्प्युटरला खोचलेले ते नखाएवढे डाँगल मात्र कोरडे ठेवायचे. मी विचारलं, "ह्यांनी काय पाप केलंय?" म्हणाले, "ह्यांच्या कंपनीने नकाशा दिलेला नाही. ह्यांना फूल नाही."

ते डाँगल कसे आले तीही एक गंमतच. अभ्यासिकेत नेट हवं, आणि राउटर पॅसेजच्या पलीकडे सोसायटीच्या ऑफिसात. वायर ओढायची तर भिंतीला भोक पाडायला हवं. पण बिल्डिंगला नुकताच रंग काढलेला, आणि आमच्या कमिटीने चक्क ठराव केलेला की भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. तेव्हा वायरशिवायचं नेट घेणारे डाँगल आणायचे ठरले. मी सेक्रेटरी म्हणून बरोबर गेले. केबिन रोडवर जिग्नेशभाईंचं दुकान. खानविलकरांनी खोका हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "इसके अंदर चिप कौनसी है?"

जिग्नेशभाई म्हणाले, "अंकल, वायफाय है. चिप-विप क्या, सब में चलता है."

"लिनक्स में?"

"अंकल, लिनक्स में आपका आशीर्वाद चलता है."

खानविलकरांनी खिशातला पेनड्राइव्ह काढला. दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून, आपलं लिनक्स त्यावर चालू करून, डाँगल खोचून बघू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खानविलकर शांतपणे म्हणाले, "नारियल लेते टाइम बजाके लेते हैं ना, जिग्नेशभाई?" नारळावर गुजराती माणूस काय बोलणार? लावू दिलं. दोन मिनिटांत निळा दिवा लागला, नेट आलं. खानविलकरांचा चेहरा असा फुलला की सांगता सोय नाही. तिथल्या तिथे अख्खं खोकं उचललं, सगळे एकाच नावाचे, एकाच नंबरचे.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेचं उद्घाटन. पेढे आणले, नारळ फोडला, पोरं खुर्च्यांवर बसली. वाजवून घेतलेला तो एक डाँगल चालला. बाकीचे सगळे ठार मेलेले. निळा दिवा नाही, काही नाही.

नाव तेच, नंबर तोच, खोक्यावर चित्र तेच. आतली चिप वेगळी! कंपनीने मधल्या काळात चिप बदलली होती आणि खोका मात्र तसाच ठेवला होता. खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी निशाणी होती म्हणे. खानविलकर भिंग घेऊन ती बघत बसले. "तीस-पस्तीस वर्षं स्पेअर पार्ट मागवले मी," ते म्हणाले. "एक नंबर म्हणजे एक पार्ट. नंबर तोच आणि पार्ट वेगळा, हे असं कुणी करतं का हो?" मी म्हणाले, "परत करू या, जिग्नेशभाई घेतील." तर नाही. "दुसरे आणले तर त्यांच्यात तरी आत काय असेल कोण सांगणार? आता हेच चालवून दाखवतो." इथे त्यांचा कोकणी हट्ट जागा झाला, आणि तो पुढे कैक वर्षं झोपलाच नाही.

कंपनीला ईमेल लिहिले. उत्तर एकच, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. मग कस्टमर केअरला फोन सुरू झाले. रोज दुपारी जेवण झालं की ते फोन लावायचे, स्पीकरवर टाकून पलंगावर बसायचे. तिकडची मुलगी हिंदीत विचारायची, "सर, आपने बंद करके फिर से चालू किया?" हे म्हणायचे, "किया, बेटा. मुझे ड्राइवर नहीं चाहिए. चिप कैसे बात करती है, उतना कागज दे दो. ड्राइवर कोई भी लिख लेगा." मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "सर, मेरे पास स्क्रीन पे जितना लिखा है, मैं उतना ही बोल सकती हूँ."

खानविलकरांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "खाना खाया बेटा?" फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "बिचारीला पण नकाशा दिलेला नाही." त्यानंतर त्यांनी तिथे फोन केला नाही. मी त्यांच्या जागी असते तर त्या कंपनीची सात पिढ्यांची उजळणी केली असती.

कधीतरी, कसा कोण जाणे, कंपनीकडून एक ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हणजे काय ते मला त्यांनी शंभरदा समजावलं, मला ते माझ्या पद्धतीने समजलं. कॉम्प्युटर आणि डाँगल ह्यांना एकमेकांची भाषा येत नाही, मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. पण हा आलेला ड्रायव्हर जुन्या मापाचा होता, आणि पाठवून कंपनी मोकळी झाली होती. खानविलकरांनी तो उसवून, टाके घालून बसवला. नेट चालू झालं, पोरांनी टाळ्या पिटल्या. पण लिनक्सचं दर थोड्या दिवसांनी अपडेट येतं. अपडेट आलं की कॉम्प्युटरचं माप बदलतं आणि तो बाहेरून शिवलेला ड्रायव्हर बसेनासा होतो. बाळंतपणानंतर ब्लाउज बसत नाहीत, तसं. पुन्हा उसवा, पुन्हा शिवा.

त्यामुळे आमच्या बिल्डिंगीत एक आरोळी कायमची झाली. संध्याकाळी पाच वाजता पोरं अभ्यासिकेत यायची, कॉम्प्युटर चालू करायची, आणि ज्या दिवशी अपडेट झालेलं असेल त्या दिवशी जिन्यातून हाक यायची, "काकाऽऽ, नेट गेलंऽऽ!" सगळ्यात मोठा आवाज खारी गावातल्या रेश्माचा. म्हात्र्यांची पोर, बापाची रिक्षा, घरात माणसं फार आणि जागा थोडी. नर्सिंगला जायचं म्हणून तिचे ऑनलाइन क्लास ह्या खोलीतच चालायचे. "काकाऽ, नेट न्हायऽ!" हा तिचा आवाज चौथ्या मजल्यावर खिडक्या बंद असल्या तरी पोचायचा. खानविलकर हातातला चहा ठेवून, टेस्टर खिशात घालून, खाली. तासाभराने नेट येई. चहा तोवर गार.

मी भांडले होते त्यांच्याशी. "अपडेट बंद करून टाका ना एकदाचं!" तर म्हणाले, "अपडेट म्हणजे दाराची कडी, कुरकुरते म्हणून लावायचीच नाही का? आणि अपडेट नाही केलं तर थोड्या दिवसांनी ह्या परीक्षांच्या साइटच उघडत नाहीत." म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. "ह्यावर उपाय एकच," ते म्हणाले. "हा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ घरात घेतला गेला पाहिजे. मग अपडेटबरोबर तोही आपोआप नवा होऊन येतो. कुणाला शिवत बसायला नको. मलासुद्धा नको."

पण मूळ घरात असं कुणालाही घेत नाहीत. तिथली जगभरची माणसं ओळ न् ओळ तपासतात, आणि कंपनीने पाठवलेल्या गाठोड्याला त्यांनी दारातही उभं केलं नसतं. नव्याने, स्वच्छ, कुणीतरी लिहायला हवा होता. खानविलकरांना दुरुस्ती यायची, एवढं मोठं लिखाण यायचं नाही. ते स्वतःच सांगायचे, "मी मेकॅनिक, डिझायनर नाही."

तेव्हा त्यांना इंटरनेटवर यान नावाचा माणूस सापडला. कुठल्या देशातला ते त्यांनी सांगितलं होतं, मी विसरले. दुपारीच काळोख पडतो असा कुठला तरी देश. हा यान नोकरी सांभाळून, हौसेने, नेमका ह्याच चिपचा ड्रायव्हर लिहीत होता, आणि त्याची अडचण अशी की त्याच्याकडे ती बदललेली चिप नव्हती. त्याच्या गावात सगळ्या खोक्यांत जुनीच निघायची! आणि इथे खानविलकरांकडे त्या बदललेल्या चिपची अख्खी जत्रा. "बघा सेक्रेटरीबाई," ते म्हणाले, "माझी फसगत त्याच्या उपयोगी पडली." एवढा खूश माणूस मी फसगतीवर कधी पाहिला नाही.

एक डाँगल त्याला पोस्टाने पाठवायचा ठरला. वहिनी म्हणाल्या, "एवढीशी काडी एकटीच पाठवता? परक्या घरी रिकामा डबा पाठवत नाहीत." आणि डब्यात आमसुलं भरली, त्यात मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत डाँगल. तिकडून ईमेल आला, डाँगल मिळाला, फार आभार, पण ह्या काळ्या वस्तू कॉम्प्युटरच्या कुठल्या भागात वापरायच्या? वहिनींनी सोलकढीची कृती सांगितली, खानविलकरांनी ती इंग्रजीत केली. नारळ मिळेना म्हणून त्याने आमसूल चहात घातलं. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मेल्याला ड्रायव्हर लिहिता येतो आणि कढी करता येत नाही."

मग रोजचा रिवाज पडला. यान लिहायचा, खानविलकर आपल्या डाँगलांवर चालवून बघायचे आणि कळवायचे. त्यांचे रिपोर्ट मी वाचलेत. "आज चालला नाही. कालचाच दोष. इथे उकडते आहे." पुढच्या दिवशी, "जोडणी होते, थोड्या वेळाने सुटते. माझ्या बायकोचा नमस्कार." तयार झालेलं काम यान मूळ घरातल्या मोठ्या लोकांकडे पाठवायचा, ते काहीतरी खोट काढून परत करायचे. यान चिडायचा, सोडून देतो म्हणायचा. खानविलकर त्याला लिहायचे, "आमच्या लिफ्टच्या इन्स्पेक्टरपुढे हे काहीच नाही. पुन्हा पाठव."

हे सगळं चालू असतानाच त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसणं आधीच गेलेलं, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. लिफ्टच्या दाराला खांदा आपटायला लागला तेव्हा दाखवलं. थेंब घालून आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि तेवढंही टिकेना. पडद्यावरची अक्षरं मोठी करत करत एवढी मोठी झाली की एका वेळी दोन-तीनच शब्द मावायचे.

रत्नागिरीकडे गावी त्यांच्या भावाने घर नीट करून ठेवलं होतं. या म्हणून रोज फोन. वहिनींनाही जायचं होतं. इथे ह्यांना रस्ता ओलांडून नेणं त्यांच्याच्याने होईना. खानविलकरांचं म्हणणं एकच. "मी गेलो आणि पुढच्या आठवड्यात अपडेट आलं तर? रेश्मा कुणाला हाक मारणार?" कमिटीत तर तेव्हाच कुजबुज सुरू झालेली की खानविलकर गेले की ती खोली कुरिअरची पार्सलं ठेवायला घेऊ. नेट नाही तर पोरं येणार नाहीत, पोरं नाहीत तर खोली कशाला? मी मीटिंगमध्ये आवाज चढवला, पण मला तो ड्रायव्हर शिवता येत नव्हता. दुसऱ्या कुणाला येत नव्हता. त्यांनी दोघातिघांना शिकवून पाहिलं, सगळे नोकरी लागली की उडाले.

एकदा संध्याकाळी मी वाटीभर खरवस घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. खानविलकर डोळे मिटून खुर्चीत बसलेले, आणि पडद्यासमोर चष्मा लावून वहिनी! वहिनी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षर लावून वाचत होत्या. "एफ... ए... आय... एल..."

"बास," खानविलकर म्हणाले. "फेल. कुठल्या ओळीत?"

"वरून चवथी हो. लाल रंगात आहे मेलं."

मी वाटी टेबलावर ठेवली आणि तशीच मागे फिरले. खोटं का बोलू, जिन्यात मला रडू आलं. पुढे पुढे वहिनी इतक्या तयार झाल्या की अक्षरं लावायचीही गरज उरली नाही. यानकडून नवं काही आलं की त्या चालवायच्या आणि स्वयंपाकघरातून सांगितल्यासारखं सांगायच्या, "लाल आलं हो." की हे रिपोर्ट सांगायचे आणि त्या एका बोटाने टाइप करायच्या. यानला हे कळलं, तेव्हापासून त्याने चिडणं सोडलं म्हणे.

आणि मग एक दिवस वहिनीच माझ्याकडे खाली आल्या. हाताला पीठ तसंच. "अगो सुनंदा," म्हणाल्या, "आज लाल नाही." एवढंच बोलल्या आणि माझ्या स्टुलावर बसून राहिल्या.

मोठ्या लोकांनी तो ड्रायव्हर घेतला, असा यानचा ईमेल दसऱ्याच्या जरा आधी आला. त्या दसऱ्याला खानविलकर माझा हात धरून अभ्यासिकेत आले. चाचपडत चाचपडत प्रत्येक कॉम्प्युटर शोधला, झेंडू वाहिला, आणि मग खाली वाकून प्रत्येक डाँगलवर एकेक पाकळी ठेवली. "तुझा काही दोष नव्हता रे बाबा," असं त्या डाँगलला म्हणाले. मी हसले नाही.

पण घेतला म्हणजे लगेच आमच्या कॉम्प्युटरात आला असं नसतं. तो अपडेटमधून खाली झिरपत यायचा, त्याला महिने लागतात. इकडे घर विकलं गेलेलं, ताबा द्यायची वेळ जवळ आलेली, भांडी गोणपाटात बांधलेली. भाऊ फोनवर ओरडायचा. हे म्हणायचे, "एक अपडेट येऊ दे." वहिनी दोन पातेल्यांवर स्वयंपाक करत होत्या. मीच एकदा म्हणाले, "अहो, आम्ही फोन करून सांगू की तुम्हाला, चाललं म्हणून."

"आणि नाही चाललं तर?" ते म्हणाले.

अखेर ते अपडेट आलं, टेम्पो सांगितला होता त्याच्या आदल्या दिवशी. दुपारी खानविलकर आणि वहिनी अभ्यासिकेत जाऊन बसले. त्यांनी आधी काय केलं असेल? स्वतः शिवलेला तो जुना ड्रायव्हर सगळ्या कॉम्प्युटरांमधून काढून टाकला.  रेश्माची परीक्षा तोंडावर. मी म्हणाले, "निदान एकात तरी राहू द्या!" म्हणाले, "टेकू ठेवला तर भिंत उभी आहे की नाही ते कसं कळणार?" वहिनींनी एकेक करून अपडेट चढवलं, कॉम्प्युटर बंद केले आणि उद्याचे डबे करायचे म्हणून वर गेल्या. चालू करून बघायला त्यांनी वहिनींनाही मनाई केली होती. "पोरं करतील. रोजच्यासारखं."

पाच वाजत आले. खानविलकर दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, हात मांडीवर, डोळे मिटलेले. लिफ्टमध्ये उभे राहायचे ना, अगदी तसे. मी दारात उभी. पोरं आली, चपलांचा ढीग झाला, खुर्च्या सरकल्या, बटणं दाबली गेली. कुणीतरी कुणाची पेन्सिल ढापली त्यावरून थोडी हमरीतुमरी झाली. मग रेश्मा आली, घाईत, ओढणी सावरत. क्लास सुरू झालेला असणार. मी खानविलकरांकडे बघितलं. त्यांचा अंगठा खिशातल्या टेस्टरवर होता.

"रेश्मा आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"आली."

"बसली?"

"बसली. कानात घातलंय तिने."

  आत फक्त कीबोर्डची टकटक आणि पंख्याचा आवाज. निळे दिवे लागलेले मला दिसत होते, सगळ्यांचे, रांगेने. सांगायला म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते ऐकत होते.  एकाही पोराने मान वर करून बघितलं नाही. मला वाटलं, ओरडावं आता, अरे कार्ट्यांनो, उठा, हे उद्या चाललेत, पाया पडा त्यांच्या! मी एक पाऊल आत टाकलंसुद्धा. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको, सेक्रेटरीबाई," ते म्हणाले. "आज मला कुणी हाक मारली नाही."

आणि हसले. ते उठले, भिंतीला हात लावत लिफ्टपाशी गेले, चाचपून बटण दाबलं. त्यांच्यामागे लिफ्टचं दार लागलं. मी तिथेच पोरांच्या चपलांमध्ये उभी राहून पदर तोंडाला लावून रडले, आणि आत सगळी कशी मान खाली घालून अभ्यास करत होती.